छप्पन आणि चौदा

खिडकीपलीकडच्या मुलीने नाव विचारलं, आणि रांगेत माझ्यापुढे उभा असलेला उंच म्हातारा म्हणाला, "सुगनसिंह, छप्पन." मुलगी मान वर न करता म्हणाली, "अंकल, उमर नहीं, नाम. और छप्पन के तो आप किधर से भी नहीं लगते." रांगेतली माणसं हसली. ती सगळी माझ्यासारखीच पेन्शनीत निघालेली, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कानात यंत्र. त्या मुलीला जे कळलं नव्हतं ते त्यांना कळलं होतं. म्हाताराही हसला. "आदत है, बेटा," म्हणाला. माजी सैनिकांच्या त्या दवाखान्यात मी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला जातो, जयपुरातल्या सोडाल्याहून दोन ई-रिक्षा बदलून. त्या दिवशी गोळ्या न घेताच बाहेर आलो आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली बाकावर बसलो. जुलैचं ऊन होतं. बाकाची लोखंडी पट्टी मांडीला भाजत होती, ते कळत होतं, पण सरकायला हवं हे सुचत नव्हतं.

पलटणीत एकाच नावाचे दोघे-तिघे असतातच. मग नावामागे त्यांच्या फौजी नंबराचे शेवटचे दोन आकडे लावतात, आणि काही दिवसांनी नाव गळून पडतं, आकडे राहतात. घरी पत्र लिहितानासुद्धा सहीपुढे आकडा घालणारे जवान मी पाहिले आहेत. ती पत्रं लिहून देणारा मीच असायचो. आमच्या पलटणीत सुगनसिंह दोन होते. दोघेही राजस्थानातल्या शेखावाटीतले, दोघांच्या गावांत चार कोसांचं अंतर. एक छप्पन, एक चौदा. एकाहत्तरच्या डिसेंबरात त्यांतला चौदा मेला, आणि मी छप्पन मेला असं लिहिलं.

लिहिणं हेच माझं काम होतं. वडील भुसावळला रेल्वेत गँगमन. त्यांनी हातोडा माझ्या हाती लागू दिला नाही, टाइपरायटिंगच्या क्लासला घातलं. त्या बळावर मी फौजेत क्लर्क झालो. बंदूक चालवली ती प्रशिक्षणात, तीही वाईट. आज आमच्या सोसायटीतले लोक मला फौजी अंकल म्हणतात आणि पंधरा ऑगस्टला दोरी ओढायला बोलावतात, तेव्हा मी दोरी ओढतो, आणि घरी येऊन उगाचच हात धुतो. माझी नात मैत्रेयी एकदा म्हणाली, "आजोबा, मतलब तुम्ही वॉरमध्ये फक्त टाइप करत होता?" तिच्या मराठीत असे शब्द येतात, जयपूरच्या शाळेत वाढलेली पोर. मी हो म्हणालो. तिची आई सुरुची तिच्यावर रागावली. पण पोरीने विचारलं ते बरोबरच होतं. कमी होतं एवढंच. मी त्या युद्धात टाइप केलं, आणि तेही चुकीचं केलं.

त्या दिवशी मी बाकावर बसलो होतो तिथेच तो म्हातारा आला. औषधांची पिशवी मांडीवर ठेवून शेजारी बसला, माझं नाव विचारलं. गुलाबराव, म्हणालो. मराठे का, म्हणाला, फौजेत पुष्कळ मराठे पाहिले. कुठल्या पलटणीत, असंही विचारलं. मी म्हणालो, ऑफिसात होतो, कधी इथे कधी तिथे. हे खोटं नाही, असं मी पुढचे चार महिने स्वतःला सांगत राहिलो. त्याचा चेहरा मला ओळखू आला असता असं वाटत नाही. पांढऱ्या मिशा, एका डोळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची चकाकी. पण बसायची पद्धत तीच होती. दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे, जणू आता उठा म्हटलं की उठायचं. त्याने पहिल्याच दिवशी मला त्याची गोष्ट सांगितली. तो ती सगळ्यांनाच सांगत असावा. खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. तार. त्याच्या मरणाची. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. मी ती तार कधी पाहिली नव्हती. मी लिहिलेला निरोप पलटणीतून वर गेला, तिथून कुणीतरी त्याची तार केली. पण नंबर माझा होता, मी लिहिलेला. छप्पनवर संपणारा. मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला आणि पुन्हा पुसला.

तो हसत सांगत होता. गावात तार आली, पोस्टमास्तर रडत घेऊन आला, अकरा दिवस घरात चूल पेटली नाही. जन्मात कधी पाठीवर हात न ठेवलेल्या त्याच्या बापाने त्याची सायकल अंगणात आणून उभी केली आणि तिच्याशी बोलत बसला. बाराव्यासाठी शेजारच्या घरी लाडू वळून झाले, आणि अकराव्या दिवशी संध्याकाळी दुसरी तार आली, की चूक झाली, तो जिवंत आहे. बापाने लाडवांचा एक डबा कुलपात ठेवला. "जनवरी में छुट्टी आया," सुगनसिंह म्हणाला, "तो अपने बारहवें के लड्डू मैंने खुद खाए. थोड़े कड़क हो गए थे." मला हसू आलं. याची मला आजही लाज वाटते. पण ते आलं, आणि त्याला आवडलं, आणि त्यानंतर दर महिन्याच्या त्या मंगळवारी तो माझ्यासाठी त्या बाकावर जागा धरून ठेवू लागला.

मला मित्र कधीच फार नव्हते. मी पुस्तकातला माणूस; पलटणीतही कंदिलाखाली मासिकं वाचायचो, लोक चिडवायचे. द्वारका गेल्यावर, म्हणजे माझी बायको गेल्यावर, मुलाने, प्रबुद्धने, मला भुसावळहून इकडे आणलं. तोही रेल्वेतच, इथल्या मंडल कार्यालयात. मुलगा सून चांगले आहेत. पण दिवसभर माझ्याशी बोलतं ते गॅलरीत येणारं पोपटांचं टोळकं. अशा वयात कुणीतरी बाकावर आपल्यासाठी पिशवी ठेवून जागा धरतं, कचोरीचा अर्धा तुकडा कागदात बांधून आणतं, आणि तो माणूस नेमका हा असावा. घरी येताना रिक्षात मी ठरवायचो, पुढच्या मंगळवारी सांगायचं. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. पुढचा मंगळवार जवळ आला की मला युद्धातल्या त्या ऑफिसच्या तंबूतली टेलिफोनची घंटी ऐकू यायची.

तंबू सीमेपासून पाच-सहा मैल मागे होता. वाळू सगळ्यात शिरायची, टाइपरायटरच्या दातांतसुद्धा. काही अक्षरं अर्धीच उमटायची. दिवसातून दोनदा पुढच्या कंपन्यांकडून फोनवर नावं यायची. जखमी, मृत, बेपत्ता. मी लिहून घ्यायचो. सहा तारखेला सकाळी एका सुभेदाराने नावं सांगितली, मागे गोळे पडत होते, आवाज फुटत होता. मी त्याला एक नाव तीनदा विचारलं. तो ओरडला, "बाबू, यहाँ आदमी मर रहे हैं और तू एक ही बात तीन बार पूछता है." त्याच्या जागी कुणीही ओरडला असता. पण मी लहानपणापासूनच असा. वर्गात मास्तरांनी दोनदा सांगितलेलं तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत नसे. चुकीचं गणित वहीत तसंच घेऊन घरी यायचो. त्या संध्याकाळी त्याच सुभेदाराचा पुन्हा फोन आला. एकच नाव. सुगनसिंह. मृत. आकडा त्याने सांगितला नाही, त्याच्या कंपनीत एकच सुगनसिंह उरला होता, त्याला कशाला सांगावंसं वाटेल. मी विचारायला तोंड उघडलं. ते उघडलेलं तोंड मला आजही जाणवतं, दातांवर वाळू होती. आणि मी "जी साहब" म्हणून फोन ठेवला. त्या कंपनीचा सुगनसिंह छप्पन, हे मला पाठ होतं. मी छप्पनचा नंबर लिहिला. दोन दिवसांपूर्वी छप्पनला रसद आणायला मागे पाठवून त्याच्या जागी चौदाला त्या कंपनीत दिलं होतं. तो हुकूम टाइपही मीच केला होता. त्याची कार्बन प्रत माझ्या कोपराखाली, दौतीने दाबून ठेवलेली होती.

युद्ध थांबल्यानंतरची गोष्ट. दुपारी तंबूचा पडदा सरकला आणि छप्पन आत आला. मिशा काळ्या, चेहऱ्यावर धुळीचा थर. "बाबूजी, मेरी कोई चिट्ठी?" एवढंच विचारलं त्याने. मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. नंतर मी म्हणालो, नाही, पत्र नाही. त्याच्या घरून पत्र कसं येणार, घरी तो मेलेला होता. तो सलाम करून गेला. त्याच तासाला मी अ‍ॅडज्युटंट साहेबांना सांगितलं, दुरुस्तीचा निरोप गेला. कारण काय लिहायचं, साहेबांनी विचारलं. मी टाइपरायटरमध्ये कागद चढवला. साहेब दमलेले होते, चांगले होते. लाइन खराब होती म्हणून लिही, म्हणाले. मी लिहिलं. लाइन त्या संध्याकाळी स्वच्छ होती. सुभेदाराचा श्वासही ऐकू येत होता.

हे मी द्वारकेलाही सांगितलं नाही. चाळीस वर्षं संसार केला. भांडी घासताना तिची बांगडी वाढली की मी उठून दारात जाऊन उभा राहायचो. तिला वाटायचं, मला आवाजाचा त्रास होतो. नंतर नंतर ती बांगड्या मागे सारून पदर गुंडाळून भांडी घासू लागली. आमच्यात बोलायची गोष्ट अशी न बोलताच सोडवली जायची. ती गेली तेव्हा हातात हिरव्या बांगड्या होत्या, आणि बायका म्हणाल्या, भाग्याची. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मला शेखावाटीतली दोन घरं दिसत होती, जी मी कधी पाहिलेली नाहीत. एका घरात चुडा फुटलेली बाई, जिचा नवरा जिवंत. दुसऱ्या घरात चुडा भरलेली, जिचा मेलेला. अकरा दिवस. मी पुष्कळ पुस्तकं वाचली, या अकरा दिवसांचं काय करायचं ते कुठे सापडलं नाही. कदाचित मी तेवढ्यासाठीच वाचत होतो, किंवा ही मी नंतर लावलेली शोभा असेल. स्वतःबद्दल मला काहीच खात्रीने सांगता येत नाही.

नोव्हेंबरच्या मंगळवारी सुगनसिंह आला नाही. पिशवी ठेवून मी जागा धरून बसलो. बारा वाजले. मग त्याचा फोन आला, गुडघा सुजलाय, घरीच या, चहा पिऊ. खातीपुऱ्याकडे त्याचं घर. दुमजली, दारावर त्याचं नाव आणि नावापुढे, पितळी अक्षरांत, ५६. मी घंटी वाजवायच्या आधी ते दोनदा वाचलं. त्याच्या बायकोने दार उघडलं. सायर कँवर. ठेंगणी, पाठीत वाकलेली, डोक्यावरून ओढणी. नमस्काराला तिने हात जोडले तेव्हा मी तिचे हात पाहिले. मनगटांत बांगड्या नव्हत्या, दोन-दोन पितळी कडी होती, जाड, बोटभर, एखाद्या कुदळीच्या दांड्याला बसवतात तशी. शहरातल्या गल्लीगल्लीत लाखेच्या बांगड्या झगझगत असतात, रंगीत, आरशाच्या. नवरा जिवंत असलेल्या बाईच्या हातात ही कडी. सुगनसिंहाने माझी नजर पाहिली आणि हसला. "शादी के बाद से यही ज़िद है इसकी. मतलब उस तार के बाद से. लाख की नहीं पहनेगी. कहती है, ये पत्थर से भी नहीं टूटता." आणि तो लाडवांची गोष्ट पुन्हा सांगू लागला, मी ऐकलेली नाही अशा थाटात. सायर कँवर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती हसत नव्हती. ती ही गोष्ट त्रेपन्न वर्षं ऐकत होती आणि त्रेपन्न वर्षांत एकदाही हसली नसावी, असं मला वाटलं. मला वाटलं, मी आत्ता बोललो नाही तर हा चहा मला पिता येणार नाही. मोठ्या गोष्टी मी अशाच लहान कारणांनी केल्या आहेत, केल्या असतील तर.

मी म्हणालो, "वो तार मेरी ग़लती थी. नंबर मैंने लिखा था."

लाइन खराब नव्हती, मी म्हणालो. मी विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटली. हुकुमाची प्रत कोपराखाली होती. हे सगळं मी सांगितलं, माझ्या क्लर्कच्या हिंदीत, तारखांसकट, आणि बोलताना माझे दोन्ही तळवे त्याच्यासारखेच गुडघ्यांवर पालथे पडले होते.

सुगनसिंहाने बशीत चहा ओतला. "मालूम है," तो म्हणाला. "उस दिन मैं चिट्ठी पूछने आया तो आप खड़े हो गए थे. कुर्सी गिर गई. बाबू जवान के लिए कब खड़ा होता है? बाहर निकला और सोचता रहा. फिर घर से चिट्ठी आई, तब समझ में आया." मग, बशीवर फुंकर घालत, "दवाखाने में भी पहले दिन पहचान लिया था. सोचा, बोलेंगे तो बोलेंगे."

मला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. तेवढ्यात सायर कँवरने ट्रे खाली ठेवला आणि ती जमिनीवर बसली, माझ्या खुर्चीसमोर, आणि पहिल्यांदा माझ्याकडे थेट पाहिलं. ती बोलली ते हळू, तिच्या बोलीत. अर्धं मला सुगनसिंहाच्या चेहऱ्यावरून कळलं. चुडा फोडला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. दगड उंबऱ्याचा होता. चौथ्या दिवशी चार कोसांवरून उगम कँवर आली, चौदाची बायको, नवऱ्याच्या पलटणीतला म्हणून शोक करायला. हात भरून लाखेचा चुडा, लाल. उगम कँवर शेजारी बसली आणि सायर कँवरचं उघडं मनगट आपल्या हातांत घेऊन चोळत राहिली, जिथे लागलं होतं तिथे. चुडा वाजत होता. आपल्या नशिबाची भीती वाटून ती रडत होती, आणि आपला वाचला म्हणून आतून देवीचे आभार मानत होती. हे उगम कँवरने पुढे स्वतःच सांगितलं. "वा राँड ही, अर म्हैं सुहागण," सायर कँवर म्हणाली. "दोन्याँ नै बेरो कोनी हो." विधवा ती होती आणि सवाष्ण मी, दोघींनाही ठाऊक नव्हतं. दुसरी तार आली, त्याच दिवशी उगम कँवरच्या घरी मरणाची; इकडे घरात लाडू वाटले, सासूने नवा चुडा आणला. सायर कँवरने तो घातला नाही. तशीच, उघड्या हातांनी, ती चार कोस गेली उगम कँवरकडे. ज्या हातांना तिने चोळलं, त्या हातांत चुडा घालून तिच्या दारात कशी जाणार होते, म्हणाली.

ती उठली आणि आत गेली. सुगनसिंह खिडकीबाहेर पाहत होता. इतक्या वर्षांत हे त्यालाही तिने या शब्दांत सांगितलं नसावं. त्याच्या हातातली बशी तिरकी झाली होती आणि चहा लेंग्यावर सांडत होता, त्याला कळत नव्हतं. मी निघायचं ठरवलं. आता मंगळवारचा बाक संपला, असं मला स्वच्छ वाटलं. मी काठी शोधली. मग ती परत आली, हातात माझ्या चहाचा कप, पुन्हा गरम केलेला. तो माझ्या हातात देऊन तिने विचारलं, "म्हनै क्यूँ सुणाओ हो?" मला कशाला ऐकवता? माझा तर परत आला.

मग ती म्हणाली, उगम कँवर जिवंत आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, कान चांगले आहेत. दर वर्षी सहा डिसेंबरला आम्ही दोघं तिच्याकडे जातो. सकाळी सातची बस असते. तिचा नवरा कसा मेला, कुठे, हे तिला अजून कुणी धड सांगितलेलं नाही, आणि अकरा दिवस तिला का कळवलं नाही, हे ती दर वर्षी विचारते. आम्ही म्हणतो, सरकारी काम. "थे चालो. थे बताओ." तुम्ही चला, तुम्ही सांगा.

मला प्रबुद्धची परवानगी, माझे गुडघे, थंडी, एवढ्या लांबचा रस्ता, सगळं आठवलं. आठवलं आणि मागे पडलं. मी कप खाली ठेवला आणि खिशातून माझी छोटी वही काढली, पेन काढलं. गावाचं नाव विचारलं. सुगनसिंहाने सांगितलं. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, सावकाश, आणि त्याच्या मिशांखाली काहीतरी हललं. उगम कँवर, तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव, सासऱ्याचं नाव. मी लिहिलं.

"और नंबर?" मी म्हणालो. "पूरा."

त्याने डोळे मिटले आणि चौदाचा नंबर म्हटला, सातही आकडे, परेडवर म्हणतात तसा. मी एकेक आकडा लिहिला. मग वही चष्म्याजवळ धरून एकेक आकडा त्याला वाचून दाखवला. शेवटी एक, चार.

"ठीक है," सुगनसिंह म्हणाला.

"एक बार और," मी म्हणालो.